अपडेट आलं की शेअर फोल्डर बंद पडतं? एसएमबी-१ परत चालू करायच्या आधी हे वाचा

जळगाव घ्या, भुसावळ घ्या, नाहीतर तिकडे शहादा-दोंडाईचा घ्या, ऑफिस बदलतं पण तक्रार तीच. "भाऊ, काल रात्री अपडेट झालं अन् सकाळपासून सर्व्हरचं फोल्डर उघडूनच नाही राहिलं, टॅली बंद आहे, माणसं बसून आहेत, या ना लवकर." मग गावातला एखादा पोरगा येतो, विंडोज फीचर्स उघडतो, एसएमबी १.० (फोल्डर शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) च्या चौकटीत टिक मारतो, मशीन रिस्टार्ट करतो आणि फोल्डर उघडतं. शेठ खुश, पोरगा खुश, चहा होतो. पुढे ऑफिसात नवा पीसी येतो, किंवा कोणीतरी एखादं मशीन फॉरमॅट करून घेतं, किंवा विंडोजचं वर्षाचं मोठं अपडेट येतं, की परत तोच फोन आणि परत तीच टिक. काही ठिकाणी तर गडी याच्याही पुढे गेलेत, अपडेटच काढून टाकलंय आणि पुढची सगळी अपडेट थांबवून ठेवलीत, का तर "भो, अपडेटनेच सगळा घोळ होतो".

घोळ अपडेटचा नाहीये. अपडेट ज्याला नाही म्हणतंय असं एखादं जुनं मशीन ऑफिसात कुठेतरी बसलेलं असतं, आणि ते शोधून त्याची वेगळी सोय लावल्याशिवाय हे दुखणं जाणार नाही. कापूसवाल्यांना लगेच कळेल, फरदड उभी ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येणारच, फवारे कितीही मारा.

आधी हे एसएमबी-१ एवढं वाईट का ते सांगतो, कारण शेठला समजावताना लागतं. एसएमबी म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर शेअर करायची जी भाषा आहे ती, आणि १ हा तिचा सगळ्यात जुना अवतार. त्यात एक भोक निघालं, ज्यातून कोणी पासवर्ड न देता, तुम्ही कुठे क्लिक न करता, नेटवर्कवरून थेट मशीनचा ताबा घेऊ शकत होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला त्याचा पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) दिला, एमएस१७-०१० नावाचा. त्याच भोकातून शिरणारं वॅनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं १२ मे २०१७ ला. म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध घरात होतं, लोकांनी घेतलंच नाही. सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला तेव्हा वेगळा पॅच काढावा लागला. त्यानंतर जून २०१७ च्या शेवटी नॉटपेट्या नावाचं तसंच दुसरं आलं आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्यात अजून एक वाईट गोष्ट होती, ते एका पॅच नसलेल्या मशीनमध्ये शिरायचं, तिथल्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचं आणि तेच पासवर्ड वापरून पॅच केलेल्या मशीनमध्येही घुसायचं. आता आपल्या ऑफिसांमध्ये बघा, सगळ्या मशीनला ॲडमिनचा पासवर्ड एकच, दुकानाचं नाव आणि पुढे १२३. एक मशीन सोडलं की सगळं सोडलं.

बरं आता कामाचं. फोन आला की पहिलं काम, स्क्रीनवर नेमका कोणता मेसेज आहे त्याचा फोटो मागवा. "उघडत नाही" हे उत्तर नाही. कारण अपडेटनंतर फोल्डर बंद पडायची कारणं वेगवेगळी आहेत आणि इथे लोक सगळ्यांवर एकच गोळी देतात.

मेसेजमध्ये एसएमबी-१ हे जुनं आणि असुरक्षित आहे असं स्पष्ट लिहिलं असेल, तर समोरचं मशीन खरंच फक्त जुनी भाषा बोलतंय. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या मशीनमधून एसएमबी-१ काढायला सुरुवात केली, म्हणून जुन्या पीसींवर चालतं आणि नव्यावर चालत नाही, आणि शेठ म्हणतात "नवीन मशीनच खराब दिलं". होम आणि प्रो मध्ये अजून एक गंमत आहे, जुन्यावरून अपग्रेड होऊन आलेलं एसएमबी-१ मशीन चालू असताना १५ दिवस वापरलंच गेलं नाही तर विंडोज ते स्वतःहून काढून टाकतं. हे एकदाच होतं, तुम्ही हाताने परत टाकलं तर मग ते त्याला हात लावत नाही, आणि नेमकं म्हणूनच हाताने टाकलेलं जास्त घातक, ते तसंच वर्षानुवर्षं उघडं पडून राहतं.

दुसरा मेसेज येतो की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे. याचा एसएमबी-१ शी काहीही संबंध नाही, टिक मारून काही होणार नाही. तुमचं फोल्डर विनापासवर्ड उघडं ठेवलेलं होतं आणि विंडोज आता तसं आत जायला नकार देतंय. विंडोज ११ प्रो ला २४एच२ अपडेट आल्यावर हा प्रकार खूप वाढला, कारण त्यात गेस्ट बंद झालं आणि त्यासोबत एसएमबी सायनिंगही सक्तीचं झालं. सायनिंग म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही, मधल्या मधे कोणी बदल केला तर कळावं म्हणून. समोरच्या जुन्या डब्याला सही जमत नसेल, किंवा तुम्ही गेस्ट म्हणून जात असाल (गेस्टला पासवर्डच नाही तर सही कशाने करणार), तर 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर चुकीची' असा मेसेज येतो, कोड ०एक्ससी०००ए०००.

आणि तिसरा, सगळ्यांच्या ओळखीचा, ०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही. याच्यात बऱ्याचदा पॅचचा काही दोषच नसतो. आधी नावाऐवजी आयपी पत्त्याने उघडून बघा. आयपीने उघडलं तर प्रश्न नावाचा आहे. आयपीनेही नाही उघडलं तर सर्व्हरवर नेटवर्क प्रोफाइल पब्लिक झालंय का बघा, अपडेटनंतर किंवा राउटर बदलल्यावर होतं हे, आणि मग फायरवॉल शेअरिंग अडवतो. ते प्रायव्हेट केलं की झालं.

याच्यातच एक गैरसमज फार पसरलाय. एसएमबी-१ काढलं की 'नेटवर्क' मध्ये मशीनची चित्रं दिसेनाशी होतात आणि लोकांना वाटतं शेअरिंगच गेलं. शेअरिंग जागेवर असतं, फक्त यादी दाखवणारी जुनी सर्व्हिस एसएमबी-१ सोबत गेलेली असते. फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन नावाची सर्व्हिस ऑटोमॅटिकवर टाका, लिनक्सच्या सर्व्हरवर हेच काम करणारा डब्ल्यूएसडीडी प्रोग्रॅम टाका, चित्रं परत येतात. खरं तर चित्रांच्या नादी लागूच नये, आयपी देऊन ड्राइव्ह मॅप करून ठेवायचा, विषय संपला.

आता तो जुना पाहुणा, म्हणजे फक्त एसएमबी-१ बोलणारं मशीन, शोधायचा कसा. सर्व्हर विंडोजचा असेल तर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडायचं आणि सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन कमांडने ऑडिटएसएमबी१ॲक्सेस चालू करायचं (टाइप इंग्रजीतच करायचं, ते सांगायला नको). नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबीसर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० नंबरच्या नोंदी पडायला लागतात आणि प्रत्येकीत कोणत्या पत्त्यावरून जुनी भाषा बोलली गेली ते येतं. निदान महिनाभर राहू द्या, महिन्यातून एकदाच चालू होणारं मशीनही असतं, जीएसटी भरायच्या दिवशी जागं होणारं. सर्व्हर लिनक्सवर सांबाचा (लिनक्सवरून विंडोजसारखं फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) असेल तर अजून सोपं, सगळे कामाला लागले की एसएमबीस्टेटस कमांड चालवा, प्रत्येक मशीनसमोर प्रोटोकॉल लिहून येतो. एसएमबी३_११ म्हणजे विंडोज १० किंवा ११, एसएमबी२_१० म्हणजे बहुतेक विंडोज ७, आणि एनटी१ दिसलं की हा आपला पाहुणा.

पाहुणे तरी कोण असतात, ठरलेलेच. एक म्हणजे मोठं झेरॉक्स मशीन, ज्याचं स्कॅन थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये पडतं. याचं आधी फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, किती तरी मशीनमध्ये अपडेटनंतर सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय येतो आणि कोणी तिकडे बघितलेलंच नसतं. नसेल तर यूएसबीवर स्कॅन करा, मेलवर करा, किंवा एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची जुनी पद्धत) एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा युजर बनवा ज्याला त्या एका फोल्डरशिवाय कुठेच जाता येत नाही. हे आदर्श नाही, मान्य, पण एका फोल्डरपुरता धोका आणि पूर्ण ऑफिसचा धोका यात फरक आहे.

दुसरा पाहुणा आपल्या भागातला खास, वजनकाट्याचा एक्सपी. अमळनेर, धरणगाव, चोपडा पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये गेटजवळ खोलीत एक पीसी असतो, वर धूळ आणि रुई चिकटलेली, कीबोर्डची अक्षरं पुसलेली, पंखा घरघर करतोय, आणि काट्याचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो माणूस कधीच धंदा सोडून गेलेला. एक्सपीला एसएमबी-१ शिवाय काही येतच नाही, पॅच टाका नाहीतर काही करा. मालक म्हणणार हंगामात काट्याला हात लावू नको, आणि तेही बरोबरच आहे, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. मग सोय अशी की तो पीसी शेअरिंगमधून काढायचा, पण काटा चालू ठेवायचा. एक्सपीमध्ये कमांडवर चालणारा एफटीपी आधीपासून आहे, एक छोटी बॅच फाइल लिहायची जी ठरलेल्या वेळी पावत्यांची फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर एका फोल्डरात टाकेल, शेड्यूल टास्कला लावून द्यायची. त्या पीसीचं इंटरनेट राउटरमधूनच बंद करायचं. आणि मुनीमजींना तिथे पेनड्राइव्हवरून गाणी लावायची सवय असेल तर त्यांना नवा रेडिओ घेऊन द्या, स्वस्त पडेल.

तिसरा म्हणजे नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा, डबा, कोणीतरी बरीच वर्षं आधी घेतलेला, दोन हार्ड डिस्कवाला. याच्या आत बहुतेक वेळा सांबाच चालतं, पण जुनं, आणि कंपनीने फर्मवेअर देणं बंद केलेलं असतं. इथे मी कोणाचं ऐकत नाही, डेटा काढून घ्या आणि डबा निवृत्त करा. डिस्क चांगल्या असतील तर साध्या पीसीत लिनक्स टाकून त्याच डिस्क फॉरमॅट करून वापरा.

सांबाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे 'लिनक्स आहे म्हणजे व्हायरस नाही' असं म्हणून ते एकदा बसवतात आणि मग विसरतात. वॅनाक्रायनंतर दोनच आठवड्यांत, २४ मे २०१७ ला, सांबातच मोठं भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०१७-७४९४ (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना दिलेला जाहीर नंबर). ज्याला शेअरमध्ये फाइल लिहायची परवानगी आहे तो एक लायब्ररी फाइल तिथे टाकून सर्व्हरलाच ती चालवायला लावू शकत होता. ३.५.० पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत हे होतं, दुरुस्ती ४.६.४, ४.५.१० आणि ४.४.१४ मध्ये आली. आता विचार करा, आपलं फोल्डर गेस्टला लिहायला उघडं असेल तर ऑफिसच्या वायफायवरचा कोणीही. तेव्हा ज्यांना लगेच अपडेट जमत नव्हतं त्यांनी तात्पुरता उपाय म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये 'एनटी पाइप सपोर्ट' नो करून ठेवलं, आणि ती ओळ जुनी फाइल नव्या सर्व्हरवर कॉपी होत होत अजून काही ठिकाणी तशीच आहे. तिच्यामुळे विंडोजकडून काही गोष्टी विचित्र वागतात. पॅच झालेला असेल तर ती ओळ काढा.

त्यानंतर जानेवारी २०२२ च्या शेवटी अजून एक आलं, सीव्हीई-२०२१-४४१४२, 'फ्रूट' नावाच्या मॉड्यूलमध्ये. हे मॉड्यूल ॲपलच्या मॅकसाठी लागतं, म्हणजे फोटो स्टुडिओ आणि अल्बम डिझाइनवाल्यांकडे हमखास असतं. ४.१३.१७, ४.१४.१२, ४.१५.५ मध्ये ते बुजवलं. मॅक नसेल तर फ्रूट ठेवायचंच कशाला, काढून टाका.

अपडेट करताना तीन ठिकाणी माणूस अडकतो. पहिलं, आवृत्तीचा नंबर. उबंटू २२.०४ वर सांबा ४.१५.१३ दिसतं आणि लोक घाबरतात की हे तर जुनं आहे, मग कुठून तरी नवं सोर्सकोडवरून टाकायला जातात आणि सगळं मोडून बसतात. उबंटू, डेबियनवाले नंबर तोच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागून जोडत असतात. पॅच आलाय का हे नंबरवरून नाही, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) सीव्हीईचा नंबर शोधून बघायचं. पण त्यासाठी खालची उबंटू जिवंत पाहिजे, २०.०४ चा साधा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तिथे अपडेटची कमांड "सगळं अद्ययावत आहे" असं म्हणेल आणि तुम्हाला वाटेल वा छान.

दुसरं, अपडेट झालं पण जुनाच प्रोग्रॅम चालू. सांबात रीलोड आणि रीस्टार्ट यात फरक आहे, रीलोड केल्याने फक्त सेटिंग नव्याने वाचली जाते, आत चालणारा प्रोग्रॅम तोच जुना भोकवाला राहतो. रीस्टार्टच करायचं. आणि रीस्टार्ट दिवसा करायचं नाही भो, टॅली उघडी असताना कनेक्शन तुटलं तर डेटा खराब होऊ शकतो, मग शेठ आणि सीए दोघंही तुम्हालाच धरतील. रात्री सगळे गेल्यावर एसएमबीस्टेटस बघायचं, कोणाची फाइल उघडी नाही ना, मग बॅकअप, मग अपडेट, मग रीस्टार्ट. उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो तेव्हा आधी यूपीएसची बॅटरी बघून घ्या, अर्ध्या अपडेटमध्ये लाइट गेली तर रात्र तिथेच.

तिसरं, अपडेटनंतर जुनी मशीन एकदम तुटतात. सांबा ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी-१ आपण चालू केल्याशिवाय बंदच असतं. मग कोणीतरी नेटवर वाचून 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' ला एनटी१ देतं आणि 'एनटीएलएम ऑथ' यस करतं. विंडोजवर टिक मारण्याचाच हा लिनक्समधला भाऊ. टेस्टपार्म (सांबाची सेटिंग तपासून दाखवणारी कमांड) चालवा, या दोन ओळी दिसल्या तर काढा, आणि वरच्यासारखं पाहुण्याची वेगळी सोय करा.

आता गेस्टवाल्यांचं. इलाज एकच, युजर आणि पासवर्ड बनवा, पण इथेही लोक एका विशिष्ट जागी धडपडतात. मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट असतं, रोज पिन टाकून उघडतात, आणि शेअरला पण तोच पिन देत बसतात, "अहो बरोबर टाकून राहिलोय मी!" पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. रिकामा पासवर्डही नेटवर्कवरून चालत नाही. सर्व्हरवर शेअरिंगसाठी वेगळा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, शेअर परवानगीतून 'एव्हरीवन' काढून त्याला टाका. क्लायंटवर (फोल्डर उघडणाऱ्या पीसीवर) क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सर्व्हरचा आयपी आणि युजरच्या आधी सर्व्हरचं नाव व उलटी तिरकी रेघ लावून भरा, नाहीतर विंडोज स्वतःचंच नाव पुढे चिकटवतं आणि पासवर्ड चुकीचा म्हणतं. सांबावर तो युजर लिनक्समध्ये बनवून शिवाय एसएमबीपासडब्ल्यूडीने वेगळा भरावा लागतो, फक्त लिनक्समध्ये बनवून चालत नाही. बिलिंगवाल्या मुलीला विक्रीचं फोल्डर, अकाउंटंटला टॅलीचं, असं वाटून दिलं तर एका मशीनला लागण झाली तरी सगळं जात नाही, कारण रॅन्समवेअर मॅप केलेल्या ड्राइव्हवर जिथे लिहायची परवानगी आहे तिथे सगळं लॉक करत सुटतं.

सायनिंगच्या त्रासात काही जण क्लायंटवर सायनिंगची सक्तीच काढून टाकतात. अगदीच अडलं असेल तर दोन दिवस करा, पण एसएमबी-१ लावण्यापेक्षा बरं एवढंच त्याचं कौतुक.

आणि एसएमबी-१ काढलं म्हणजे पॅचमधून सुटका झाली असंही नाही. मार्च २०२० मध्ये नव्याकोऱ्या एसएमबी ३.१.१ मध्येच भोक निघालं होतं, विंडोज १० च्या १९०३ आणि १९०९ मध्ये, मायक्रोसॉफ्टला महिन्याचं वेळापत्रक सोडून १२ मार्चला वेगळा पॅच काढावा लागला. म्हणून अपडेट चालूच ठेवायची. विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्या मशीनवर शेअर फोल्डर ठेवून त्याला सर्व्हर म्हणत असाल तर सगळ्यात आधी तो डेटा विंडोज ११ नाहीतर लिनक्सवर हलवा.

जाता जाता राउटर उघडा. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ४४५ किंवा १३९ (एसएमबीचे पोर्ट) दिसतंय का बघा, किंवा कोणी सर्व्हर डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरच्यांसाठी पूर्ण उघडा, टाकलाय का. मालकाचा मुलगा पुण्यात असतो आणि त्याला तिथून हिशोब बघायचा असतो, म्हणून कोणीतरी हे उघडलेलं असतं आणि नंतर कोणाच्या लक्षातही नसतं. तो पोर्ट बंद करा, यूपीएनपी (मशीनने स्वतःहून राउटरचे पोर्ट उघडायची सोय) बंद करा, मुलाला वायरगार्डचं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसात यायचा कुलूपबंद रस्ता) लावून द्या, मोबाइलवरही चालतं. बॅकअपची डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात, सर्व्हरला कायम टोचून ठेवलेली डिस्क सर्व्हरसोबतच लॉक होते. आणि महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात, आपल्याकडे ते बुधवारी पोचतात, तर बुधवारी संध्याकाळी एका मशीनवर टाकून गुरुवारी टॅली, झेरॉक्स आणि काट्याची फाइल तिन्ही चालतात का बघायचं, मग शनिवारी रात्री बाकीच्यांवर.